साळुंख्यांच्या घराला नजर लागत नाही

साळुंख्यांच्या नव्या बांधकामावर टांगलेल्या काळ्या बाहुलीने सोमवारी सकाळी राजीनामा दिला. राजीनामा तोंडी होता, कारण तिचे हात गवताचे होते आणि गवताच्या हातात पेन टिकत नाही.

"कारण?" केतकीने विचारलं.

"काम नाही," बाहुली म्हणाली.

केतकी इंगवले ही त्या घराची आर्किटेक्ट. कॉलेजातून बाहेर पडून तिला वर्षही झालं नव्हतं आणि हे तिचं पहिलं घर होतं. ती वाळूच्या ढिगावर चढून वर बघत होती. स्लॅबसाठी लावलेल्या सेंटरिंगच्या फळ्यांमधून एक बांबू रस्त्यावर डोकावत होता आणि त्याच्या टोकाला बाहुली लोंबत होती. काळ्या कापडाचं अंग, आत ठासून भरलेलं गवत, डोक्याच्या जागी उलटं मडकं, त्यावर चुन्याचे डोळे आणि लालभडक जीभ.

साकुर्डीत बाहुलीने राजीनामा देण्यात नवल काहीच नव्हतं. मागच्या साली बाजारपेठेतल्या एका बांधकामावरच्या बाहुलीने उन्हाची तक्रार केली होती आणि तिला छत्री द्यावी लागली होती. नवल होतं ते कारणाचं. आजवर साकुर्डीतल्या बाहुल्यांनी काम सोडलं ते काम फार होतं म्हणून. काम नाही म्हणून कोणी सोडलं नव्हतं.

"जोतं झालं तेव्हापासून इथे टांगलेय मी," बाहुली म्हणाली. "भिंती उठल्या, चौकटी बसल्या, सेंटरिंग लागलं. नजर एक नाही. एक म्हणजे एक नाही."

"पण लोक रोज थांबून बघतात की!"

"बघतात. काय बोलतात ते ऐकलंत का कधी? 'पैसे संपले वाटतं बिचाऱ्यांचे.' 'प्लास्टरसुद्धा करणार नाहीत म्हणे.' 'एसटीतल्या कंडक्टरला एवढंच जमायचं.' ही कीव झाली, मॅडम. कीव माझ्याकडे येत नाही. माझ्याकडे फक्त नजर. आणि नजर लागायला बघणाऱ्याच्या पोटात दुखावं लागतं. या घराकडे बघून कोणाच्या पोटात काही म्हणजे काही होत नाही."

केतकीला हे झोंबलं. वास्तविक तिला झोंबायचं काही कारण नव्हतं. कॉलेजात असताना तिने अंधश्रद्धेविरुद्ध पथनाट्य केलं होतं आणि एसटी स्टँडसमोर डफ वाजवून ओरडून सांगितलं होतं की नजरबिजर सगळं झूट आहे. टाळ्या पडल्या होत्या. नजर लागत नसते हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी आपल्या घराला ती लागत नाही, हे ऐकून तिचे कान तापले.

"मी नजर वगैरे मानत नाही," ती म्हणाली.

"मीही नाही मानत," बाहुली म्हणाली. "पण नोकरी आहे."

एवढ्यात ओळंब्याची दोरी गुंडाळत रामलिंग मिस्त्री आला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ताई, मावशी गेली तर शुक्रवारचा स्लॅब होत नसतोय."

"का?"

"बाहुली नसलेल्या घरावर कोण चढतंय? माझं एक माणूस वर पाय ठेवायचं नाही."

"मिस्त्री, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे."

"आसंल की. पण स्लॅब टाकायला पंचवीस अंधश्रद्धाळू लागतात. तुमी एकट्याच हाय."

केतकीने दुसरी बाहुली आणायचा विचार बोलून दाखवला. त्यावर बाहुलीने शांतपणे सांगितलं की जरूर आणावी, पण पहिली कशामुळे गेली ते कळल्यावर दुसरी येणार नाही. "आमच्यात बोलणं होतं," ती म्हणाली.

अखेर असं ठरलं की शुक्रवारी सकाळी मिक्सर सुरू होईपर्यंत बाहुली कामावर राहील. तेवढ्यात एक जरी नजर लागली, तरी राजीनामा मागे. नाही लागली, तर ती समोर जगदाळ्यांच्या बंगल्यावर जाईल. तिथली बाहुली केव्हाची मदतनीस मागत होती.

जगदाळ्यांच्या बाहुलीचं काम खरंच फार होतं. ट्रॅक्टरच्या एजन्सीवाले जगदाळे त्या बंगल्यात राहायला येऊन कैक वर्षं झाली होती, पण बाहुली उतरवायची सोय नव्हती. फाटकावर दोन सिंह, पुढे चार जाडजूड खांब, वर कमळाच्या आकाराचा घुमट, आणि दर्शनी भिंत पायापासून माथ्यापर्यंत निळ्या काचेची. येणारा-जाणारा मान वर करायचा आणि त्याच्या पोटात कळ यायची. त्या बाहुलीचं मडकं इतक्या वेळा फुटलं होतं की कुंभाराने तिच्यासाठी एक जादा करूनच ठेवलं होतं.

दुपारी साळुंखेकाका आले. अंकुश साळुंखे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. उभ्या उभ्या नोकरी केल्यामुळे त्यांना बसायची सवयच राहिली नव्हती. चहासुद्धा ते उभ्याने घ्यायचे, आणि एक हात वर कुठेतरी धरायचे. आता त्यांनी सेंटरिंगला टेकू दिलेल्या बल्लीला धरलं.

"मग सोपं आहे की मॅडम," राजीनाम्याची हकिगत ऐकून ते म्हणाले. "पुढं चार खांब घ्या. गच्चीवर घुमट घ्या. मिस्त्री, येतो का घुमट?"

"कमळाचा येतोय, कलशाचा येतोय, मोराचाबी येतोय," मिस्त्री खुशीत म्हणाला. "तुमी बोला."

"खांब कुठे येणार काका?" केतकीचा आवाज चिरकला. "पुढे खिडकी आहे."

"खिडकी बुजवू. ती भोकाभोकांची भिंतपण बुजवू. आणि वरून प्लास्टर." काका जरा थांबले. "मॅडम, तुमच्यावर राग नाही माझा. पण ज्या घरावर बाहुलीसुद्धा थांबायला तयार नाही, तिथं आम्ही दोघांनी काय म्हणून राहायचं?"

केतकीने हातातला नकाशा गुंडाळला. ती खिडकीच्या कडेवर जाऊन बसली.

बसली, कारण ती खिडकी बसण्यासाठीच होती. नकाशा काढण्याआधी केतकी साळुंख्यांच्या भाड्याच्या खोलीवर चार-पाच वेळा गेली होती, आणि दर वेळी तिला काकांच्या पत्नी इंदुकाकू उंबरठ्यावर बसलेल्या दिसल्या होत्या. भाजी निवडताना उंबरठा, शेंगा फोडताना उंबरठा. वारा तिथेच यायचा आणि माणसंही तिथूनच दिसायची. पण उंबरठ्यावर बसू नये असं शास्त्र. सासू ओरडली, नणंद ओरडली, घरमालकीण ओरडली. काकू दर वेळी "हो हो" म्हणून उठल्या आणि दर वेळी परत तिथेच बसल्या. केतकीने ते पाहिलं आणि त्या बाईसाठी एक असा उंबरठा काढला ज्यावर बसल्याबद्दल कोणी ओरडणार नाही. रस्त्याकडेची रुंद खिडकी, खाली पाय सोडता येतील एवढी उंची, पाठीला उघड्या विटांची भिंत, आणि बाजूला विटांची जाळी, म्हणजे एक वीट सोडून एक वीट, म्हणजे वारा आपला आपण येईल. सगळं घर या खिडकीभोवती रचलेलं होतं. तिथे खांब आला की घर संपलं.

"शुक्रवारपर्यंत थांबा," ती काकांना म्हणाली. "नजर मी लावून दाखवते. नाही जमलं, तर खांबांच्या जागा मीच आखून देईन."

मंगळवारी तिने स्वतः जगदाळ्यांना घर बघायला बोलावलं. ते आले. त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. साधं आहे. हवेशीर आहे." केतकीने मोठ्या आशेने वर पाहिलं.

"सौजन्य," बाहुली म्हणाली.

मग काकांनी आपल्या परीने हातभार लावला. त्यांनी पुतण्याची नवीकोरी लालभडक गाडी मागून आणली आणि अंगणात उभी केली. संध्याकाळपर्यंत रस्त्यावर चांगली गर्दी जमली. दोघांच्या तर पोटात इतकं दुखलं की ते रस्त्याकडेच्या कट्ट्यावर टेकले.

"लागली!" काका वर बघून ओरडले.

"लागली," बाहुली म्हणाली, "पण गाडीला. गाडीचं लिंबू-मिरचीकडे असतं. त्या खात्याशी आमचा संबंध नाही."

बुधवारी मिस्त्रीने सकाळपासून घराकडे जळजळीत बघायचा प्रयत्न केला. डोळे वटारून, दात आवळून. शेवटी त्याला ठसका लागला.

"बांधणाऱ्याची नजर धरत नाहीत, रामलिंग," बाहुली म्हणाली. "राहणाऱ्याचीही नाही. माहीत आहे ना तुला?"

"म्हाईत हाय मावशी. पण तुमी गेल्यावर करमायचं नाही म्हणून म्हटलं."

"मलाही बरं वाटत नाही," बाहुली म्हणाली. "पण मडक्याला एक चरा नाही अजून. बाकीच्या हसतात."

केतकीने त्या दिवशी बाहुलीशी कडाक्याचं भांडण केलं. तिने ओरडून सांगितलं की समोरच्या काचेच्या पेटीत दुपारी भाकरी भाजून निघेल, आणि लोक भपक्याला भुलतात म्हणून खऱ्या घराने लाजायचं का! घर राहण्यासाठी असतं की रस्त्याला दाखवण्यासाठी? बाहुलीने सगळं ऐकून घेतलं. हरकत एकाही मुद्द्याला नाही, असं तिने सांगितलं. फक्त यातला एकही मुद्दा कोणाच्या पोटात दुखल्याचा पुरावा होत नव्हता.

गुरुवारी सकाळी कॉलनीचा ट्रान्स्फॉर्मर जळाला. ऊन तर असं होतं की सिंहांच्या सावलीत कुत्रीसुद्धा बसेनात. केतकी खडू आणि टेप घेऊन आली होती. शब्द म्हणजे शब्द. उद्या मिक्सर सुरू होण्याआधी खांबांच्या जागा तिलाच आखून द्यायच्या होत्या. पहिला खांब थेट खिडकीसमोर येत होता. तिने गुडघे टेकून तिथे चौकोन काढायला घेतला. टेपचं दुसरं टोक काकांनी धरलं होतं, अर्थातच उभ्याने.

खिडकीत, चौकट बसल्यापासूनच्या सवयीने, इंदुकाकू मेथी निवडत बसल्या होत्या. खांबांचं त्यांना ठाऊक होतं, या खिडकीत बसायचा हा शेवटचा दिवस होता हेही. म्हणूनच की काय, आज त्यांनी मेथीच्या चार जुड्या आणल्या होत्या. एरवी त्या दोघांना एक पुरायची.

समोरचं फाटक वाजलं आणि जगदाळेवहिनी वर्तमानपत्राने वारा घेत रस्ता ओलांडून आल्या.

"तुमच्याकडे आहे का हो लाइट?"

"आमच्याकडं अजून मीटरच नाही," काकू म्हणाल्या. "बसा की."

"नको, बसत नाही. आत नुसती भट्टी झालीये. एसी बंद, आणि काच उघडत नाही. उघडायची सोयच नाही तिला."

"दोन मिनिटं टेका. मेथी निवडू लागा."

वहिनी टेकल्या. जाळीतून वारा आला आणि त्यांच्या पदराचं टोक हललं. त्यांनी जाळीकडे पाहिलं, मग मेथीची जुडी ओढून घेतली.

रस्त्यावरून भाजीवाला चालला होता. काकूंनी बसल्या जागेवरून त्याला हाक मारली, बसल्या जागेवरून त्याच्या वांग्यांना नावं ठेवली आणि जागचं न हलता वांगी घेतली. मग शाळेतून परतणाऱ्या बाई दिसल्या. "काय हो बाई, लेकीचं जमलं का?" जमलं होतं. बाई थांबल्या, सगळं सांगितलं, मुलाची उंचीसुद्धा सांगितली. त्यांच्यामागून एक म्हातारा काठी टेकत आला आणि "इंदू, पाणी दे गं" म्हणून कट्ट्यावर बसला. काकूंनी हात लांबवून तांब्या दिला. तो म्हातारा त्यांचा कोणीच नव्हता.

जगदाळेवहिनी हे सगळं बघत होत्या. मेथीची काडी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"हे सगळे रोज जातात इथून?"

"मग कुठून जाणार? हाच तर रस्ता."

"मला वाटायचं, या रस्त्याने कोणी जातच नाही," वहिनी म्हणाल्या. "आतून निळं निळं दिसतं सगळं. माणूस आहे की झाड, ते कळत नाही."

त्यांनी पाय वर घेतले. पाठ विटांना टेकवली. विटा गार होत्या. काकू काहीतरी सांगत होत्या, नणंदेच्या नातवाबद्दल, आणि ते सांगणं अर्ध्यावर असताना वहिनींचा डोळा लागला. काकूंनी आवाज खाली आणला, पण गोष्ट थांबवली नाही. केतकीने खांबाच्या चौकोनाची तिसरी बाजू काढली. काका टेप धरून उभे होते. मिस्त्री वर सळया बांधत होता, त्याने पकड हळू चालवायला घेतली.

घटकाभराने वहिनींना जाग आली. क्षणभर आपण कुठे आहोत ते त्यांना कळलं नाही. मग त्यांनी खिडकी पाहिली, जाळी पाहिली, खिडकीच्या कडेवर निवडून ठेवलेली मेथी पाहिली, आणि खोल, लांब, पोटातून आलेला एक सुस्कारा टाकून त्या म्हणाल्या,

"तुमचं बरंय बाई."

वर बांबू करकरला. वारा त्या घडीला पडलेला होता. बाहुलीने गर्रकन एक गिरकी घेतली आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज झाला, टच्च! मडक्याला डाव्या डोळ्यापासून जिभेपर्यंत तडा गेला होता.

"लागली," बाहुली म्हणाली.

"काय लागली?" काकांच्या हातून टेप सुटला.

"नजर. घराला. अस्सल."

मिस्त्रीने वरून अशी आरोळी ठोकली की मागच्या गल्लीतली माणसं धावत आली. केतकी खडूच्या चौकोनातच मटकन बसली. ती हसत होती आणि तिच्या नाकाला खडू लागला होता.

जगदाळेवहिनी मात्र ओशाळल्या. "अगंबाई! माझ्या मनात काही वाईट नव्हतं हो. सहज निघून गेलं तोंडातून."

"मनाची तपासणी होत नाही," बाहुली म्हणाली. "पोटात दुखलं का, एवढंच सांगा."

वहिनींनी पोटावर हात ठेवला. प्रामाणिक बाई होत्या. "दुखलं," त्या म्हणाल्या. "अजून दुखतंय."

"दुखू दे, दुखू दे," इंदुकाकू म्हणाल्या. इतक्या आनंदात त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. "उद्या परत या. आंबाडी निवडायचीय."

काका केतकीजवळ आले. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि चपलेने खडूचा चौकोन पुसून टाकला. तिन्ही बाजू, नीट, घासून.

शुक्रवारी स्लॅब पडला. नारळ फुटला, मिक्सर गरगरला आणि घमेल्यांची रांग लागली. केतकी त्या रांगेत मध्येच उभी राहिली. तिने नारळ फोडण्याबद्दल आपलं मत सर्वांना स्पष्ट सांगितलं, मग खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि घमेलं पुढे दिलं. काका खाली उभे राहून ओरडत होते, "पुढं चला, पुढं चला, मधे थांबू नका!" आणि माणसं खरोखरच पुढे चालत होती. बाहुली वरून बघत होती. तिने मडक्याचा तडा लिंपून घ्यायला साफ नकार दिला होता.

"राहू दे," ती मिस्त्रीला म्हणाली. "दिसू दे जरा."

रीतीप्रमाणे काकूंनी सगळ्यांना शिरा-पुरीचं जेवण घातलं आणि मिस्त्रीला टॉवेल-टोपीचा आहेर केला. मिस्त्रीने टोपी स्वतः घातली आणि टॉवेल बाहुलीच्या खांद्यावर टाकला. पंगत उठल्यावर काका खिडकीपाशी आले. इकडे-तिकडे पाहिलं. मग एक हात वर धरून ठेवूनच हळूच बसले. थोड्या वेळाने तो हातही खाली आला.

त्यानंतर बाहुलीला काम फार झालं. जगदाळेवहिनी रोज येऊ लागल्या. त्यांना बघून त्यांच्या भिशीच्या बायका आल्या, त्यांना शोधत त्यांचे नवरे आले. प्रत्येक जण दोन मिनिटं म्हणून टेकायचा, विटांना पाठ लावायचा आणि उठताना "तुमचं बरंय" म्हणायचा. पंधरवड्यात दुसरं मडकं लागलं. अखेर बाहुलीने केतकीकडे रविवारची सुट्टी मागितली. केतकीने मागणीचा विचार केला. श्रमाला विश्रांती हवी हे तिचं जुनंच मत होतं. सुट्टी मंजूर झाली.

रविवारी संध्याकाळी बाहुली बांबूवरून उतरली आणि पहिल्यांदाच घराच्या खिडकीत येऊन बसली. गवताचे पाय खाली सोडले. समोरच्या बंगल्यावरची बाहुली हल्ली मोकळीच असायची. तिकडे आता कोणी मान वर करत नव्हतं. तीही रस्ता ओलांडून आली आणि शेजारी टेकली. जाळीतून वारा आला. दोघींच्या अंगातलं गवत सळसळलं. शाळेतल्या बाई लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन जाताना दिसल्या, त्यांना दोघींनी हात केला.

जगदाळ्यांच्या बाहुलीने रस्त्याकडे डोळे भरून पाहिलं. मग तिने विटांना पाठ टेकवली.

"तुझं बरंय बाई," ती म्हणाली.

टच्च!

सुट्टीचा दिवस होता, तरी साळुंख्यांच्या बाहुलीने ती नजर धरली.